प्रवास कोणाचा, हकीकत कोणाची?

मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुलांनो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत. तिथे येऊन बसा. आज मला तुमच्याशीच जास्त बोलायचं आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेला जमतो, ते रोज सकाळी वर्गात एका मुलाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावत. बातमी कैरोची असो की कसाऱ्याची, वाचून झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “यात आपलं काय?” त्या एका प्रश्नावर मी पुढे आयुष्यभर भूगोल शिकवला. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी तीन गोष्टी कळवल्या. प्रवास, जगाचं राजकारण, आणि लोकांच्या आवडीची कला. एका संध्याकाळी तीन विषय कसे पेलणार, असं त्यांना वाटलं. पण जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्याला हे तीन वेगळे काढताच येत नाहीत. आपली ओळख कायम जगापासून तुटलेला मुलूख म्हणून करून दिली जाते. मला ती मान्य नाही. जग इथे सतत येत राहिलं आहे. इथली माणसं सतत जगात जात राहिली आहेत. कमी पडली ती हकीकत. जो गेला, त्याने परत येऊन सांगितलं आणि आपण बसून ऐकलं, असं फार थोडं झालं. सांगितलं ते बहुतेक दुसऱ्यांनीच.

प्रवासापासून सुरुवात करू.

जव्हारमधल्या कुठल्याही मुलाला विचारा, इथून कोण मोठं माणूस गेलं? तो शिरपामाळ दाखवेल. १६६४ च्या जानेवारीत सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथे पडला, राजे विक्रमशहांनी त्यांचं स्वागत केलं आणि शिरपेच अर्पण केला, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण त्या माळावर उभं राहून कधी सुरतेचा विचार केला आहे का? सुरत म्हणजे त्या काळी मुघलांचं मुख्य बंदर. इंग्रजांची वखार तिथे, डचांची वखार तिथे. मक्केला जाणारे यात्रेकरू तिथूनच जहाजात बसत. जगाच्या व्यापाराचा एवढा मोठा नाका, आणि त्याला हादरा द्यायला निघालेली फौज आपल्या माळावर उतरली. पुढे आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं. पहिली गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, दुसरी सहसा सांगत नाही. मी विद्यार्थ्यांना दोन्ही सांगत आलो, कारण ज्या वाटेने पाहुणा येतो त्याच वाटेने स्वारीही येते, हे डोंगरात राहणाऱ्याने विसरू नये.

आपले शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात होते. चौदाव्या शतकापासून चालत आलेल्या महादेव कोळी घराण्याचा हा वारस विमानांच्या जगात वावरला, १९४८ मध्ये संस्थान विलीन झालेलं त्याने पाहिलं, आणि पुढे लोकांनी निवडून दिल्यावर तो लोकसभेतही बसला. एका माणसाच्या आयुष्यात किती जगं मावली, बघा.

राजांचा प्रवास नोंदला जातो. पर्यटकांचाही नोंदला जातो. पावसाळ्यात दाभोशाला, काळमांडवीला, हनुमान पॉइंटला गाड्यांची रांग लागते. पाहुणे धुकं बघतात, धबधब्याखाली भिजतात, जयविलास राजवाड्यासमोर फोटो काढतात. जिल्हा २०१४ मध्ये पालघर झाला तरी ‘ठाणे जिल्ह्याचं महाबळेश्वर’ हे नाव त्यांच्या लेखांतून अजून गेलेलं नाही. येऊ देत, मनापासून येऊ देत. त्यांच्यामुळे आपल्या चार पोरांच्या हाताला काम मिळतं. पण माझा प्रश्न दुसऱ्या प्रवाशांबद्दल आहे.

दिवाळी उरकली की नाक्यावर कोणती गर्दी असते? टेम्पो लागलेले असतात. त्यात बोचकी, हंडा, तवा, तांदळाची गोण, पाय बांधलेली कोंबडी, आणि त्या सगळ्यावर बसलेली मुलं. घराला कडी घालून माणसं जगायला निघालेली असतात. कोणी भिवंडी, वाडा, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर. कोणी रेतीवर. कोणी ठाण्या-मुंबईत इमारतींच्या कामावर. मोखाड्याकडची माणसं घाट चढून नाशिकच्या द्राक्षबागांत जातात. ती द्राक्षं जहाजाने युरोपात पोचतात, नेदरलँड्सच्या बाजारात विकली जातात. म्हणजे आपल्या माणसाच्या हाताखालून गेलेला घड सातासमुद्रापार जातो. आणि तो माणूस? तो शिमग्याला चार दिवस घरी येतो, पुन्हा जातो, आणि पावसाच्या तोंडावर राब भाजून झालं की नाही या काळजीत परततो.

हा प्रवास नाही का? सांगा मला. वर्षातले सहा-सहा महिने घराबाहेर राहणारा, अनोळखी गावात खोपटं उभं करणारा, वेगळ्या बोलीच्या माणसाशी व्यवहार करणारा माणूस प्रवासी नाही का? हिमालयात आठ दिवस जाऊन आलेल्याने लिहिलं की ते प्रवासवर्णन होतं. आणि ज्याने सबंध उन्हाळा भट्टीच्या धगीत काढला, त्याच्यासाठी सरकारदरबारी एक रकाना असतो, ‘स्थलांतरित’. त्या रकान्यात आकडा मावतो. माणूस मावत नाही.

एकदा मी वर्गात सांगितलं, तुम्ही जिथे जाऊन आलात त्या जागेचा नकाशा काढा. बहुतेकांनी जव्हारच काढलं. एका मुलीने, जी शिमग्यानंतर कशीबशी शाळेत परत आली होती, वीटभट्टी काढली. भट्टी कुठे, माती कुठून येते, खोपट्यांची ओळ, लांबची बोअरवेल, शेठचं ऑफिस, दुकान, पलीकडे रेल्वेचा रूळ. साप निघाला ती जागाही तिने फुलीने दाखवली होती. वारा कुठून वाहतो हे बाणाने दाखवलं होतं, कारण धूर खोपट्यात येतो की बाहेर जातो ते वाऱ्यावर ठरतं. दिशा, अंतर, वारा, पाणी, व्यापार. माझ्या विषयाचं सगळं पुस्तक त्या एका कागदावर होतं. मी तो कागद वर्गात लावला. ती मुलगी पहिल्यांदा फळ्यासमोर उभी राहून बोलली, आणि थांबेचना. तिला सांगायचं होतं. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आता जगाच्या राजकारणाकडे येऊ. तुम्ही म्हणाल, भट्टीवरून एकदम जगाचं राजकारण? हो, एकदमच. मधे काही अंतर नाही.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देश आणि इस्राएलचं युद्ध झालं. तेल पिकवणाऱ्या अरब देशांनी हात आखडता घेतला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. माझ्या पिढीला तो काळ आठवतो तो वाळवंटातल्या रणगाड्यांमुळे नव्हे. रॉकेल महागलं, आणि रात्री अभ्यासाला चिमणी लावायची की नाही यावर घरात बोलणं व्हायला लागलं. गुरुजींचा प्रश्न आठवा. यात आपलं काय? आपली चिमणी.

उलट दिशेनेही हेच. आपल्या वरकस जमिनीत खुरासणी होते. पिवळ्या फुलांनी डोंगर भरतो तेव्हा शहरातले लोक थांबून फोटो घेतात. भारतातून ही खुरासणी अमेरिकेला जाते. ती तिथली माणसं खात नाहीत, अंगणात टांगलेल्या नळकांड्यात भरून फिंच जातीच्या पक्ष्यांना खाऊ घालतात. त्या पक्षीप्रेमाचं मला कौतुकच वाटतं. पण आपल्या शेतकऱ्याला हे ठाऊक असायला हवं की नको? आपलं पीक कुठे जातं, तिथला भाव काय, मधे किती हात आहेत? नागली-वरईचंही तेच. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं, तेही भारताच्या पुढाकाराने. नागली एकाएकी मोठ्या हॉटेलांत जाऊन बसली. ज्या बाईने ती उतारावर कुदळीने जमीन उकरून पेरली, तिच्या पदरात त्या वर्षाने किती पडलं, याचा हिशोब कोणी तरी मांडायला हवा. इथल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मांडावा, ही माझी विनंती आहे.

पण मला आज जास्त वेळ द्यायचा आहे तो एका शहराला. जिनिव्हा.

काही वर्षांपूर्वी भाच्याकडे युरोपात जाणं झालं. घरचे डोंगर बघायला निघाले, मी हट्टाने जिनिव्हाला गेलो. तिथे सरोवराच्या काठावर एक दगडी इमारत आहे. १९२६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी उभी राहिली. आज तिथे जागतिक व्यापार संघटनेचं मुख्यालय आहे. मी त्या इमारतीसमोरच्या बाकावर बराच वेळ बसलो. का? कारण आपल्या जिल्ह्याची गोष्ट त्या इमारतीला दोनदा शिवून गेली आहे.

पहिल्यांदा कशी, ते ऐका. १९३० मध्ये या कामगार संघटनेने वेठबिगारीविरुद्ध करार मंजूर केला. कोणाकडूनही सक्तीने, धाकाने काम करून घेऊ नये, असं जगाने कागदावर लिहून ठेवलं. आणि त्याच वेळी उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीत काय चाललं होतं? जमीनदाराच्या शेतावर आदिवासीने फुकट राबायचं. बोलावलं की जायचं, नाही गेलं तर मार खायचा. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं त्या सावकाराचे लग्नगडी व्हायचे, आणि कर्ज आयुष्यभर फिटायचं नाही. भारताने त्या कराराला मान्यता दिली ती १९५४ मध्ये. चोवीस वर्षांनी.

या दोन जगांमध्ये ये-जा करणारा एक माणूस होता, शामराव परुळेकर. भारत सेवक समाजात वाढलेले, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधिमंडळात निवडून आलेले. १९३८ मध्ये ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला गेले. त्यांना तिथेच थांबता आलं असतं, म्हणजे त्या वर्तुळात, त्या भाषणांत. पण ते थांबले नाहीत. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. उंबरगावकडचे काही मोजके वारली आदिवासी तिथे आले आणि त्यांनी वेठीबद्दल सांगितलं. शामराव आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई परुळेकर त्यांच्यामागोमाग जंगलात गेले. २३ मे १९४५ ला झरी गावात हजारो वारली जमले आणि ठरलं, यापुढे वेठ करायची नाही. फुकट राबायचं नाही. लग्नगडी राहायचं नाही.

आणि मग १० ऑक्टोबर १९४५. तलवाडा. जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह एकूण पाच जण मारले गेले. तारीख लक्षात ठेवा. महायुद्ध संपून महिना-सव्वा महिना झाला होता. यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, संयुक्त राष्ट्रांची सनद अमलात आली. माणसाच्या प्रतिष्ठेवर आपला विश्वास आहे, असं जग त्या सनदेत म्हणालं. तेच तलवाड्याच्या माणसांनी चौदा दिवस आधी जीव देऊन म्हटलं होतं. जगाच्या इतिहासाची पुस्तकं मी वाचली आहेत. एकात तरी या दोन तारखा शेजारी शेजारी छापलेल्या असतील? मला दिसल्या नाहीत. त्या शेजारी लिहिण्याचं काम आपलं आहे, कारण पुढे हीच लाट वाडा, पालघर, जव्हार, मोखाड्यापर्यंत आली. या सभागृहात बसलेल्या अनेकांचे आजे-पणजे तिच्यात होते.

गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये प्रसिद्ध झालं, १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, शहरातून आलेल्या. तरी ते पुस्तक मोठं झालं ते त्यांच्या ऐकण्यामुळे. पाड्यावर मुक्काम करायचा, जे असेल ते खायचं, आणि रात्री शेकोटीशी बसून माणूस बोलेपर्यंत थांबायचं. एवढी वाट किती जणांनी पाहिली? शामरावांचा शेवटही जगाच्या राजकारणानेच लिहिला. चीनचं युद्ध झालं, कम्युनिस्ट पक्ष फुटला, १९६४ च्या अखेरीस देशभर अटका झाल्या. ३ ऑगस्ट १९६५ ला आर्थर रोड तुरुंगात, स्थानबद्ध असतानाच ते गेले. पेकिंग आणि मॉस्कोचा वाद, दिल्लीची भीती, आणि वारल्यांचा माणूस तुरुंगात. अंतर कुठे आहे?

आता नऊ ऑगस्ट. मुलांनो, तुम्ही दरवर्षी जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत नाचता. तारपा असतो, डीजे असतो, घोषणा असतात. नऊ ऑगस्टच का? आपल्याला तो क्रांतिदिन म्हणून ठाऊक आहे, ‘चले जाव’चा. पण या दिनाची तारीख आली आहे पुन्हा जिनिव्हाहूनच. ९ ऑगस्ट १९८२ ला संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी लोकांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक तिथे भरली. त्या दिवसाच्या आठवणीने १९९४ मध्ये आमसभेने हा दिन जाहीर केला. २००७ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा आला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं, आणि त्याच वेळी आपली जुनी भूमिकाही कायम ठेवली की स्वतंत्र भारतातले सगळेच लोक मूलनिवासी आहेत. या भूमिकेवर तुमचं मत काय? मला माझं मत आहे. ज्याची जमीन, जंगल आणि बोली एकाच वेळी धोक्यात येते, त्याला वेगळं नाव आणि वेगळं संरक्षण मागण्याचा हक्क आहे, असं मी मानतो. पण तुम्ही माझं ऐकून मान डोलावू नका. पुढच्या नऊ ऑगस्टला डीजे दहा मिनिटं बंद ठेवा आणि यावर भांडा. मोठ्याने भांडा.

आणि वेठबिगारी संपली का? १९७६ चा कायदा आहे. तो प्रत्यक्षात उतरवण्यासाठी वसई-भिवंडीकडे १९८२ पासून श्रमजीवी संघटना लढली, आणि विवेक व विद्युल्लता पंडित यांना १९९९ मध्ये लंडनच्या गुलामीविरोधी संस्थेचा पुरस्कार मिळाला. एकविसावं शतक उंबरठ्यावर आलेलं असताना मुंबईपासून हाकेच्या अंतरावरच्या लढ्याला गुलामीविरोधाचा पुरस्कार मिळतो, ही गोष्ट मला आजही शांत झोपू देत नाही. कारण गणपतीच्या सुमारास पाड्यावर अजूनही बयाना वाटला जातो. आठवड्याला खर्ची मिळते, आणि हिशोब होतो तो हंगाम संपल्यावर, शेठच्या वहीतून. ती वही कामगाराला वाचता येते का, एवढाच प्रश्न विचारा. सगळं समजेल.

जिनिव्हाच्या त्या इमारतीला आपली गोष्ट दुसऱ्यांदा कशी शिवली, ते सांगायचं राहिलं. ती आहे चित्राची गोष्ट.

वारली चित्र आता सगळ्या जगाला माहीत आहे. मूळ ते कुठे असायचं? लग्नघराच्या भिंतीवर. शेणाने, गेरूने सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचं पांढरं, आणि चौक लिहिणाऱ्या सवासिनी. मधे पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी गाणं म्हणत असायची. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागायचं नाही. ते चित्र म्हणजे लग्नाचा विधी होता, आणि तो बायकांच्या हातात होता.

भास्कर कुलकर्णी नावाचा एक विलक्षण माणूस. मिथिलेच्या बायकांची भिंतीवरची चित्रं कागदावर यावीत म्हणून दुष्काळाच्या काळात बिहारमध्ये जाऊन राहिलेला चित्रकार. तोच पुढे डहाणूजवळ गंजाडला येऊन राहिला. तिथे जिव्या सोमा मशे यांचा हात त्याने ओळखला. जिव्यादादांनी ते चित्र भिंतीवरून कागदावर आणलं, आणि विधीतून बाहेर काढून त्यात सगळं जग भरलं. मासेमारी, मुंग्या, आगगाडी, तारप्याचा नाच. १९८९ मध्ये पॅरिसच्या पोंपिदू केंद्रातल्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. जपानच्या निइगाता भागात तोकामाची इथे मिथिला म्युझियम आहे, तिथे राहून त्यांनी चित्रं काढली. २०११ मध्ये पद्मश्री झाली. २०१८ मध्ये ते गेले.

मला यात सगळ्यांत जास्त विचारात पाडणारं प्रदर्शन आहे २००३ चं, जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचं. तिथे जिव्यादादांच्या शेजारी रिचर्ड लाँग हे इंग्रज कलावंत होते. हे लाँग कोण? चालणं हीच त्यांची कला. १९६७ मध्ये त्यांनी एका कुरणात पुन्हा पुन्हा सरळ चालून गवतात एक रेघ उमटवली आणि तिचा फोटो काढला. ती रेघ कलेच्या इतिहासात गेली. मी या कलावंताचा मनापासून आदर करतो, दगडांची वर्तुळं मांडताना तो जमिनीला दुखवत नाही. पण मोखाड्याच्या बाईच्या पायांनी विहिरीपर्यंत जी रेघ उमटली आहे, ती कुठे लावणार? मार्च उजाडला की आपल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणं सुरू होतं. आणि मोखाडा तालुक्यातच, कोचाळ्याजवळ, वैतरणेवर शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं. मुंबईला पाणी मिळू नये असं मी म्हणणार नाही, तिथे आपलीच माणसं राहतात. पण धरणाच्या उशाला राहणाऱ्या बाईने हंडा घेऊन रोज किती चालायचं, हे कोणत्या दालनात लागणार आहे?

तर त्या इमारतीतली जागतिक व्यापार संघटना. तिच्या बौद्धिक संपदेच्या करारामुळे भारताने १९९९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाचा कायदा केला, लोक ज्याला जीआय म्हणतात तो. या कायद्याखाली डहाणूकडच्या आदिवासी युवा सेवा संघाच्या पाठपुराव्याने २०१४ मध्ये वारली चित्राला नोंदणी मिळाली. चांगलं झालं. पण कप, साड्या, पडदे, मोबाइलची कव्हरं यांवर कारखान्यात छापलेल्या त्या नाचणाऱ्या आकृत्या थांबल्या का? थांबल्या नाहीत. आणि माझी दुसरी खंत याहून मोठी आहे. चित्र कागदावर आलं, बाजारात गेलं, विमानात बसलं, तसं ते बरंचसं पुरुषांच्या हातात गेलं. सवासिनी भिंतीपाशीच राहिल्या. ज्यांनी शतकानुशतकं ते चित्र जिवंत ठेवलं त्यांच्यातल्या एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही. तुमच्या घरातली आजी चौक लिहीत होती का? आज घरी गेल्यावर विचारा. नाव लिहून ठेवा.

तारप्याबद्दल मात्र आज आनंदाने बोलता येतं. आपल्याच वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान, यातून स्वतः तारपा करायचा आणि स्वतः वाजवायचा. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०२६ च्या यादीत पद्मश्रीही जाहीर झाली. नव्वदी पार केलेल्या माणसाला. तारप्याच्या नाचात एक नियम आहे, तो मला फार आवडतो. वाजवणारा मधे असतो, नाचणारी साखळी त्याच्याभोवती फिरते आणि कोणी त्याच्याकडे पाठ करत नाही. हल्ली लग्नात कीबोर्डवर तारप्याचा आवाज निघतो, डीजेवर तारप्याच्या चालीवरची गाणी वाजतात, पोरं यूट्यूबवर टाकतात, हजारो लोक बघतात. काही ज्येष्ठांना याचा राग येतो. मला येत नाही. पोरांनी आपला सूर नव्या वाद्यावर घेतला, तो टाकून दिला नाही. फक्त एक करा. गाणं टाकताना खाली लिहा, ही चाल कोणत्या पाड्यावरची, कोणाकडून ऐकली. शहरातले संगीतकार श्रेय दिलं नाही की कोर्टात जातात. तुम्ही निदान आपल्या आज्याचं नाव लिहा.

तसाच आपला मुखवट्यांचा उत्सव, बोहाडा. संबळ आणि पिपाणीच्या तालावर रात्रभर सोंगं निघतात. गणपती, सरस्वती, रावण, शेवटी जगदंबा आणि महिषासुर. कोणतं सोंग कोणत्या घराने घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. जगभरचे लोक मुखवट्यांचे नाच बघायला बाली बेटावर जातात, आफ्रिकेत जातात. पण बोहाड्याच्या दिवसांत मला दुसरीच गोष्ट दिसते. भट्टीवर गेलेला माणूस, शेठशी भांडून, खर्चीचे पैसे गाडीभाड्याला घालून, एका रात्रीसाठी परत येतो. का? त्याच्या घराचं सोंग त्यालाच घ्यायचं असतं. त्या रात्री तो वहीतला आकडा नसतो. डोक्यावर देवाचा मुखवटा असतो आणि गाव त्याच्या पाया पडतं.

शेवटचा मुद्दा रस्त्याचा. डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून जास्त खर्चाचं बंदर उभं राहतं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली, मच्छीमारांचा विरोध अजून ताजा आहे. भारतातून आखाती देशांमार्गे युरोपात जाणाऱ्या मार्गिकेशी हे बंदर जोडलं जाणार, असं सांगतात. त्या बंदरापासून समृद्धी महामार्गापर्यंत जाणाऱ्या रस्त्याला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. तो विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर असा जाणार आहे. म्हणजे सुरतेची वाट पुन्हा आपल्या माळावरून निघाली. आपण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहोत. १९९६ चा पेसा कायदा आपल्या ग्रामसभेला बोलायचा अधिकार देतो, २००६ चा वनहक्क कायदा देतो. पण ग्रामसभा डिसेंबरात बोलावली तर कोण येणार? जमिनीचा मालक भिवंडीला असतो. नोटीस दाराच्या कडीला अडकवून माणूस निघून जातो.

म्हणून संयोजकांकडे माझी एक मागणी आहे, आणि ती मी इथे सगळ्यांसमोर ठेवतो. ही व्याख्यानमाला आपण थंडीत भरवतो. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी थंडीतच भरते, हवा बरी असते, वक्ते मोकळे असतात. पण या दिवसांत आपल्या तालुक्याची निम्मी माणसं इथे नसतात. ती भाद्रपदात असतात. आवणी झालेली असते, नागली-वरई कापायला अजून वेळ असतो, बयाना घेतलेल्यांना नेणारे टेम्पो यायचे असतात. व्याख्यानमाला तेव्हा भरवा. पत्र्यावर पाऊस वाजेल, माइकचा आवाज वाढवावा लागेल, वीज जाईल, कंदील ठेवा. आणि पहिल्या दिवशी वक्ता म्हणून मला किंवा माझ्यासारख्याला बोलावू नका. भट्टीवर वीस हंगाम काढलेल्या एखाद्या बाईला बोलवा. विषय ‘माझा प्रवास’. तिच्या बोलीत. आमच्याइतकंच मानधन द्या, आणि आमच्याइतकाच वेळ. लिहून घ्यायला मी येतो.